खालची गाठ

भैरू झाडावर लटकला होता आणि त्याच्या दोराची गाठ धोंडाबाईच्या हाताशी होती. तरी तिला नवऱ्याला खाली आणता आलं नाही.

दोन हजार तीन सालचा मार्च. पुण्याजवळ बावधनला एका नव्या बंगल्याच्या आवारातली निलगिरी छाटायची होती. भैरू नांदे गावचा, ठेकेदार हैबतरावाच्या टोळीतला सगळ्यात जुना चढणारा. धोंडाबाई त्याच टोळीत खाली काम करायची. पडलेल्या फांद्या ओढायच्या, बारक्या डहाळ्या तोडायच्या, ट्रकमध्ये भरायच्या. चढायची रीत सगळीकडं एकच होती. चढणारा दोराचं टोक घेऊन हातापायांनी वर जायचा, जाडशा बेचक्यातून दोर ओवायचा, टोक आपल्या कंबर-मांड्यांच्या पट्ट्याला बांधायचा. मग खालचं माणूस दोर ताणून खोडाला गाठ मारायचं. दोर झाडाच्या उंचीला पुरेल एवढाच. पाय घसरला तर माणूस पडत नसे, लोंबकळत असे. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं.

त्या दिवशी कापलेली फांदी सरळ खाली गेली नाही. सालीला धरून राहिली, झोका घेऊन परत आली आणि भैरूच्या डोक्यात बसली. तो पट्ट्यात दुमडला आणि हात खाली सोडून तीस फुटांवर तसाच राहिला.

धोंडाबाई खोडाशी धावली. नवऱ्याचं सगळं वजन त्या गाठीवर होतं, त्यामुळे ती दगडासारखी आवळली होती. आणि ओढून ताणून सुटली असती, तर हातात धरायला पुढं दोरच नव्हता, भैरू थेट जमिनीवर आला असता. "दोर तोडा!" कुणीतरी ओरडलं. कोयता घेऊन आलेल्या माणसाला तिनं छातीवर हात देऊन मागं ढकललं. टोळीतला दुसरा चढणारा, पौडचा शहनवाज, वर गेला. त्यानं भैरूला कवटाळलं. पण एका हातात झाड आणि एका हातात माणूस, पुढं त्याला काही करता येईना. चांदणी चौकातल्या गर्दीतून अग्निशमनची शिडी यायला पन्नास मिनिटं लागली.

भैरू वाचला. पण पट्टा मांडीत रुतून रक्त अडलं होतं. डावा पाय लुळा पडला तो पडलाच. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "डोक्याला फार काही नव्हतं हो. लवकर खाली घ्यायला हवं होतं."

हे धोंडाबाईनं ऐकलं. पुढं कित्येक दिवस भाकरी थापताना, पाणी शेंदताना ती मध्येच थांबायची आणि बोटं अशी हलवायची, की जणू हातात गाठ आहे आणि ती सोडवायची आहे.

भैरू मग टोळीसोबत यायचा तो धार लावायला. कोयते, कुऱ्हाडी, करवती घेऊन तो सावलीत बसे. उंचीची मात्र त्यानं धास्ती घेतली होती, जमिनीवरनं पाय उचलत नसे. घरातल्या माळ्यावरचं भांडंसुद्धा धोंडाबाईलाच काढावं लागे.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात ताम्हिणीकडं कॉलेजच्या मुलांचं कडे चढायचं शिबिर होतं. धोंडाबाई आणि गावातल्या दोघी तिथं स्वयंपाकाला गेल्या. दुपारी तव्यावर भाकरी टाकून तिनं सहज मान वर केली. पन्नास-साठ फुटांवर एक मुलगी कड्याला चिकटून रडत होती. तिला वरही जाता येईना, खालीही येता येईना. खाली दोर धरून उभी होती ती आणखी लहानखुरी, चिमणीएवढी. शिकवणारे निषाद सर शांतपणे म्हणाले, "हात सोड. पाय कड्याला लाव. ही आणते तुला खाली." आणि त्या चिमणीनं वरच्या मुलीला हळूहळू, पाळण्यात घातल्यासारखं, जमिनीवर आणून ठेवलं.

भाकरी करपली. धोंडाबाई पिठाच्या हातानंच त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

"सर, त्ये काय हाय? पोरीच्या हातातलं?"

निषाद हिंजवडीला कंपनीत इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी कड्यांवर असायचा. त्यानं ती वस्तू तिच्या हातात दिली. दोन कड्या एकमेकींना जोडाव्यात तसं, इंग्रजी आठासारखं दिसणारं धातूचं साधन. "ह्याला आम्ही आठच म्हणतो, मावशी. दोर ह्याच्यातून असा फिरवायचा. मग तो घासतो, आणि वजन त्या घासण्यात जातं. लहान माणूसही मोठ्याला पेलू शकतं."

"आणि मधीच थांबवायचा असला तर?"

"दोराचा हा भाग मागं ओढून अडकवायचा. झालं कुलूप. परत सोडवायचं, परत खाली."

"वजन असताना बी सुटतं?"

"वजन असतानाच तर सुटायला हवं ना."

धोंडाबाईनं आठ उलटासुलटा करून पाहिला. मग विचारलं, "ह्ये झाडाच्या बुडाला बांधलं तर?"

निषादनं असं कधी केलेलं नव्हतं. त्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग तिनं भैरूची सगळी हकीगत सांगितल्यावर तिचा पत्ता लिहून घेतला. पुढच्या रविवारी तो मोटरसायकलवरून नांद्याला आला. पिशवीत एक आठ, दोन कड्या आणि खोडाभोवती गुंडाळायचा जाड पट्टा, शिवाय नव्या दोराचं वेटोळं. "दोर मात्र माझा जुना देणार नाही," तो म्हणाला. "जीव टांगायचा तर दोर नवाच हवा."

घरामागच्या आंब्याखाली तिघांनी दिवसभर खटपट केली. खोडाला पट्टा, पट्ट्याला कडी, कडीला आठ, आठातून दोर. दोर आधी कुणी वर न्यायचाच नाही. सुतळीला दगड बांधून ती बेचक्यावरून फेकायची आणि सुतळीमागं दोर ओढून घ्यायचा, म्हणजे पहिल्या पावलापासून माणूस बांधलेला. दोर उंचीच्या दुप्पट, वर आणखी पंधरा-वीस फूट. "माणूस अर्ध्यात आला आणि दोर संपला असं होता कामा नये," निषाद म्हणाला. "आणि एक लक्षात ठेवा. खाली दोर बांधलेला असला की वरच्या बेचक्यावर एका माणसाचं नाही, दोघांचं वजन येतं. बेचकं तेवढं तगडं हवं. चढायच्या आधी दोघांनी दोराला लोंबकळून बघायचं."

भैरू इतका वेळ ओट्यावर बसून बघत होता. तो काठी टेकत आला. "ह्या अंगाला नगं बांधूस," तो बायकोला म्हणाला. "तोड ह्या अंगाला पडणार. पयली फांदी तुझ्या दोरावर यील. पलीकडून बांध. आणि छातीइतकं वर. वाकून काम करायला लागलं की मानूस वर बघत न्हाई."

निषादनं मान हलवली. "हे मला सुचलं नसतं."

आधी वाळूची गोणी वर ओढली. धोंडाबाईनं कुलूप सोडलं, दोर सणसणत तळव्यातून गेला, कातडं सोलून निघालं आणि गोणी धप्पकन पडून फुटली. भैरूनं सांडलेल्या वाळूकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मेलो म्या."

ती हसली. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिनं हाताला फडकं गुंडाळलं आणि दुसरी गोणी भरली.

पंधरा दिवसांत गोणी तिच्या हातानं पानासारखी उतरू लागली. मग ती स्वतः पट्टा बांधून लटकली आणि भैरूनं बुडाशी टेकून उभं राहून तिला उतरवलं. "मी नसले तर दुसऱ्या कुणालाबी जमाय पायजे," ती म्हणायची. खाली उतरून तिनं पट्टा सोडला आणि नवऱ्यापुढं धरला.

"आता तुमी."

"न्हाई," भैरू म्हणाला. तिनं पट्टा खुंटीला अडकवला.

मे महिन्यात भूगावच्या एका सोसायटीत काम लागलं. आठ झाडं, त्यात पार्किंगवर झुकलेला एक जुना शिरीष. सकाळी सातला टोळी पोचली. हैबतराव ट्रकवाल्याशी बोलत होता, तोवर धोंडाबाईनं शिरीषाखाली कामाला सुरुवात केली. सुतळीला बांधलेला दगड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बेचक्यातून गेला.

हैबतराव आला. पांढरा सदरा, खिशात मोबाइल. "काय धोंडाबाई, पाखरं हाकतीस का गोफणीनं?"

"दोर लावतेय, मालक."

"दोर शहनवाज लावंल वर गेल्यावर. तू फांद्या बघ." मग त्याला खोडावरचा पट्टा आणि आठ दिसला. "ह्ये काय?"

तिनं सांगितलं. नीट, थोडक्यात. हैबतरावानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "संध्याकाळपातुर आठ झाडं व्हायला पायजेत. एकेका झाडाला अर्धा घंटा ह्यात घालवला तर व्हतील का? आणि लोक गॅलरीतनं बघत्यात. ह्ये असलं बांधलं म्हंजी लोकास्नी वाटंल आमचा मानूस पडणारच हाय." त्यानं पुढं होऊन आठातला दोर ओढून काढला, खोडाभोवती दोन वेढे देऊन आवळून गाठ मारली. "झालं. शहनवाज, चढ."

शहनवाज पट्टा कंबरेला लावून उभा होता. चाळिशीतला, काटक, पंधरा वर्षं झाडांवर काढलेला. त्याला धोंडाबाईचा हा उद्योग माहीत होता आणि पटलेला नव्हता. "मावशी, जाऊ द्या," तो पुटपुटला. "मला काय व्हत न्हाई. आणि माझं वजन तुमच्याच्यानं पेलायचं न्हाई."

धोंडाबाई खोडाशी गेली आणि हैबतरावाच्या डोळ्यांदेखत त्याची गाठ सोडली. दोर परत आठातून ओवला, कुलूप लावलं आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"उद्यापासनं येऊ नगंस," हैबतराव म्हणाला.

"उद्याचं उद्या. आज ह्या झाडाखाली मी हाय."

"बाजूला हो."

"न्हाई हुणार. ही गाठ म्या हातात धरली व्हती, हैबतराव. तुमी त्या दिवशी आला न्हवता. वर माझा नवरा आणि खाली मी, आणि मधी गाठ. सोडली तर मरतोय, न्हाई सोडली तर बी मरतोय. तसली गाठ मी परत कुनाच्या झाडाला मारू देणार न्हाई."

आजवर ती त्याला मालक म्हणत आली होती. नावानं हाक मारलेली सगळ्यांच्याच कानाला लागली.

गॅलऱ्यांत माणसं जमली. सोसायटीच्या सेक्रेटरी सुलक्षणा मॅडम खाली आल्या. मूळच्या लातूरच्या, आयटी कंपनीत नोकरी, फाटकाशी त्यांची कॅब उभी होती. "काय चाललंय? काम का थांबलंय?"

"काय न्हाई मॅडम, बायामानसांचं असतंय काहीतरी," हैबतराव हसला. "आमचं रोजचं काम हाय. आजवर काय झालं न्हाई."

"काय झालं न्हाई?" धोंडाबाईनं हात लांब करून कडुनिंबाच्या सावलीकडं बोट दाखवलं. भैरू तिथं कानस घेऊन बसला होता. "मॅडम, त्यांचा पाय बघा आणि मग त्यांस्नी इचारा, काय झालं न्हाई त्ये."

सुलक्षणा मॅडमनी भैरूकडं पाहिलं, मग खोडावरच्या त्या चकचकीत आठाकडं. "म्हणजे ह्यानं वरच्या माणसाला खालून उतरवता येतं? तुम्हाला एकटीला?"

"व्हय."

"एक बाई ऐंशी किलोचा गडी उतरवणार," हैबतराव म्हणाला. "गोणी उतरवत आसंल घरी."

"गोणी हितंबी उतरवते. बघा."

"गोणीला काय भ्या असतंय?"

कानस खाली ठेवल्याचा आवाज झाला. भैरू काठी टेकत उठला होता. तो सावकाश, लंगडत शिरीषाखाली आला आणि शहनवाजला म्हणाला, "पट्टा सोड. मला बांध."

धोंडाबाईचा चेहराच उतरला. "तुमी न्हाई."

"मग कोन?"

"मी दुसरं कुनाला तरी…"

"दुसरा कोनबी भिऊन झाडाला धरून बसंल. मी न्हाई धरणार." त्यानं काठी तिच्या हातात दिली. "गोणी उतरवली तर म्हणत्याल गोणी हाय. मला उतरव."

तीन वर्षांत त्याचा पाय जमिनीवरनं उचलला नव्हता. तिला नाही म्हणायचं होतं. पण समोर हैबतराव उभा होता, आणि वर चढायला शहनवाज उभा होता, आणि आपणच माघार घेतली तर ह्यापुढं ह्या दोराबद्दल कुणाला काही सांगायचं तोंड उरणार नाही हे तिला कळत होतं. तिनं भैरूचा पट्टा स्वतः बांधला. मांडीचे पट्टे सैल आहेत की घट्ट, दोन-दोन बोटं घालून बघितलं. शहनवाज आणि एका गड्यानं आधी दोराला लोंबकळून बेचकं तपासलं. फांदी करकरलीसुद्धा नाही.

शहनवाज, दोन गडी आणि सोसायटीचा वॉचमन अशा चौघांनी दोर ओढला. भैरू जमिनीवरून उचलला गेला. धोंडाबाई आठातून येणारा ढिला दोर सपासप ओढून घेत होती. दहा फूट. वीस फूट. भैरूचे डोळे गच्च मिटलेले, दोन्ही मुठी दोरावर. तिसाव्या फुटाला तिनं कुलूप लावलं.

"सोडा आता," ती गड्यांना म्हणाली. चौघांनी हात काढले. दोर ताठ राहिला.

वर भैरूनं एक मोठा श्वास घेतला. मग मुठी उघडल्या. हात खाली सोडले. मान छातीवर टाकली आणि अंग सैल सोडलं.

अगदी तस्संच. शहनवाजनं तोंड फिरवलं. गॅलरीतली एक बाई "अगंबाई" म्हणाली.

धोंडाबाईनं एकदा वर बघितलं. मग ती आठाकडं वळली. डाव्या हातानं खालचा दोर घट्ट, उजव्यानं कुलूप. वजन असताना ते सुटलं. दोर फडक्यातून हळूहळू सरकू लागला आणि भैरू खाली येऊ लागला, न हिसकता, न गोल फिरता. दहा फूट राहिले तेव्हा तिनं त्याला थांबवला, कुलूप लावलं, दोन्ही हात सोडले आणि पदर नीट खोचला.

"बगितलं का हैबतराव? थांबवला. आता ह्यो चार तास थांबंल." तिनं पुन्हा कुलूप काढलं. "आता परत सोडते."

भैरूची टाच जमिनीला लागली, मग गुडघा, मग पाठ. शहनवाजनं पुढं होऊन त्याला अलगद टेकवलं. वॉचमननं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "दीड मिनिट!"

भैरूनं डोळे उघडले. तो बसला, धोंडाबाईकडं बघून हलक्या आवाजात म्हणाला, "एवढंच व्हतं?"

तिनं वाकून त्याच्या मांडीचा पट्टा सैल केला.

"एवढंच करायचं व्हतं? दीड मिनिट?" त्यानं आपल्या डाव्या मांडीवर मूठ आपटली. मग दुसऱ्यांदा. ती खाली बसली आणि तिसऱ्यांदा उचललेली मूठ तिनं आपल्या हातात धरून ठेवली.

हैबतराव खाकरला. "झाली सर्कस? लई वेळ गेला. चल शहनवाज, चढ आता. ती गाठ मार साधी."

शहनवाज हलला नाही. तो भैरूकडं बघत होता. "त्या दिवशी म्या ह्यास्नी धरून बसलो व्हतो," तो म्हणाला. "एक घंटा. हाताला गोळे आले माझ्या. मला वाटलं व्हतं, माझ्यात ताकद कमी पडली." त्यानं मान वर केली. "मावशी बांधत्याल तसा चढतो. साध्या गाठीनं तुमी चढा."

"शहनवाज, इचार करून बोल."

"केलाय."

हैबतरावानं बाकीच्या गड्यांकडं पाहिलं. एकानं जमिनीकडं बघितलं, दुसऱ्यानं उगाच करवत पुसायला घेतली. पण पुढं कुणीच आलं नाही. हैबतरावानं मोबाइल काढला, दुसऱ्या टोळीवाल्याशी बोलत फाटकाकडं निघाला. सुलक्षणा मॅडम त्याच्या वाटेत उभ्या होत्या.

"दुसरी टोळी आणा हवं तर," त्या म्हणाल्या. "पण आमच्या आवारात माणूस चढेल तो ह्यांच्या पद्धतीनं बांधूनच. ते तुमच्या नव्या लोकांना येतं का, विचारून घ्या फोनवर."

हैबतरावानं फोन बंद केला. जीप सुरू करून तो निघून गेला, ट्रक तेवढा राहिला. त्या दिवशी आठ नाही, तीनच झाडं झाली. शिरीष दुपारी झाला. शहनवाज वर असताना धोंडाबाई जेवायलाही खोडापासून हलली नाही. भैरूनं भाकरी तिच्या हातात आणून दिली.

हैबतराव बोलल्याप्रमाणे वागला. दुसऱ्या दिवशीपासून त्यानं धोंडाबाई, भैरू आणि शहनवाज तिघांनाही बोलावणं बंद केलं. भूगाव-बावधनच्या बाजूला सगळी मोठी कामं त्याच्याच हातात होती, आणि 'ती बाई काम अडवते' असं त्यानं चार ठेकेदारांना सांगूनही ठेवलं. तो पावसाळा तिघांनी कुणाच्या बांधावरचा आंबा, कुणाच्या विहिरीवर वाकलेलं उंबर, अशा बारीकसारीक कामांवर काढला. शहनवाज कधी कधी वैतागायचा. "मावशी, पटलंय मला. पण पटून पोट भरंना." तिलाही ते कळत होतं. तरी प्रत्येक झाडाखाली, ते पंधरा फुटांचं का असेना, ती आधी दगड फेकायची, मग दोर, मग पट्टा, आणि मगच शहनवाजला हात वर करू द्यायची. सुलक्षणा मॅडमनी दिवाळीच्या आधी दोन सोसायट्यांची कामं मिळवून दिली. निषाद आला की गड्यांना बसवून आठ फिरवायला शिकवायचा. हळूहळू त्यांची चौघा-पाचजणांची आपली टोळी झाली, लहानशी, कुणाच्या हाताखाली नसलेली.

जानेवारीत एके दिवशी शेजारीण सांगत आली की गावाबाहेर, जिथं शेतं मोडून प्लॉट पाडले होते तिथं, हैबतरावाची माणसं चिंच छाटायला आलीत. धोंडाबाईनं खुंटीवरचा दोर खांद्यावर घेतला.

"आपल्याला बोलावलंय का?" भैरूनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली आणि चालू लागली.

चिंचेखाली तीन-चार गडी होते, नवे, हिंदी बोलणारे. एकजण माणूसभर उंचीवर चढलाही होता, खांद्यावर दोर अडकवून. हैबतराव जीपला टेकून उभा होता. तिला बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "तुला कुनी बोलावलं?"

"कामावर न्हाई आले. माझं गाव हाय." ती सरळ झाडाखाली गेली. "ए दादा, नीचे उतर."

वरचा गडी गोंधळून हैबतरावाकडं बघू लागला.

"चढ रे तू, चढ," हैबतराव म्हणाला. "ही बाई येडी हाय."

"येडी तर येडी. दादा, तेरा शेठ बोलेगा चढ. पर फांदी लगी डोके को, तो शेठ तेरे को उतार सकता है क्या? पूछ उसको." तिचं हिंदी तेवढंच होतं, आणि ते तिनं गावभर ऐकू जाईल अशा आवाजात वापरलं. "पूछ ना!"

त्या गड्यानं खरंच विचारलं. म्हणजे तोंडानं नाही, नुसतं हैबतरावाकडं बघत राहिला. खालचे बाकीचेही बघत राहिले. हैबतरावानं मोबाइल काढून त्यात बघायला सुरुवात केली. एवढ्यात तो गडी दोर टाकून खाली उतरला.

"मी तुमच्याकडनं काय मागाय आले न्हाई," धोंडाबाई हैबतरावाला म्हणाली. "मला कामावर घिऊ बी नका. तुमच्या मानसांना दाखवते आणि जाते. न्हाई म्हणायचं आसंल तर हितं, ह्यांच्या तोंडावर म्हणा."

हैबतराव जीपमध्ये जाऊन बसला. दार लावलं, तोंड दुसरीकडं केलं. हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

धोंडाबाईनं चिंचेला एक फेरी मारली, तोड कुठल्या अंगाला पडेल ते बघितलं, आणि उलट्या बाजूला पट्टा गुंडाळायला घेतला. गडी जवळ सरकले. "ध्यान से देखो," ती म्हणाली, "परत परत नहीं बतायेगी मैं." पण तिनं तीनदा दाखवलं. चौथ्या वेळी त्यांच्यातल्याच एकानं कुलूप लावलं आणि काढलं. त्या चढणाऱ्या गड्याच्या पट्ट्याचं बक्कल ढिलं होतं. तिनं ते ओढून बघितलं, काढायला लावलं आणि जीपच्या काचेवर बोटानं टकटक केली.

"पट्टा बदला ह्याचा," ती म्हणाली. "तोवर कुनी चढणार न्हाई."